पुढचा शाफ्ट हजर आहे

माझ्या जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन बारक्या काठ्या आहेत. त्यातली एक ओढली की पुढची चाकंही कामाला लागतात. गाडी घेतल्यावर पहिले आठ महिने मी ती ओढलीच नव्हती. साताऱ्यात राजवाड्यापासून बँकेपर्यंत फोर-व्हील लागावं असं काही घडत नाही. खड्डे आहेत, पण ते टू-व्हीलमध्येही तितकेच बसतात. तरी कुणी गाडी बघायला आलं की मी इंजिनाच्या आधी ती काठी दाखवायचो, पाहुण्यांना शोकेसमधला चहाचा सेट दाखवावा तशी.

काठी ओढलेली नाही म्हणजे पुढचं सगळं खातं झोपलेलं, अशी माझी समजूत होती. तिला मिस्त्रींनी सुरुंग लावला. गाडी साठच्या पुढे गेली की पुढून घूंऽऽ असा आवाज येतो, एवढीच माझी तक्रार होती.

"फोर-व्हील टाकलीय?"

"छे! कधीच टाकली नाही."

"वाकून बघा मग."

मी रुमाल अंथरून गुडघे टेकले. पोऱ्याने न्यूट्रलमधली जीप चार हात ढकलली, आणि पुढचा शाफ्ट माझ्या डोळ्यांदेखत गरागरा फिरला.

"हा बंद आहे ना?"

"बंदच आहे."

"मग फिरवतंय कोण त्याला?"

"चाकं," मिस्त्री म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

पुढचं मला पोऱ्याने समजावलं. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते आणि तिथे तिला दोन वाटा फुटतात, एक मागे, एक पुढे. काठी टू-व्हीलला असली की पुढच्या वाटेचा दरवाजा बंद. पण दरवाजा फक्त त्या टोकाला आहे. दुसऱ्या टोकाला शाफ्ट चाकांशी बांधलेलाच. रस्त्यावर पुढची चाकं फिरणारच. ती हाफ शाफ्टना फिरवतात, हाफ शाफ्ट डिफरन्शियलमधल्या क्राऊनला, क्राऊन पिनियनला, पिनियन त्या लांब शाफ्टला, आणि शाफ्ट बिचारा ट्रान्सफर केसच्या बंद दारापर्यंत येऊन तिथेच गोल गोल फिरत राहतो. चाकांना ज्याने ओढायचं, त्यालाच चाकं ओढतायत! पुढचे क्रॉस आणि बेअरिंगं झिजतायत, थंड गिअर ऑइल घुसळलं जातंय, थोडं डिझेलही त्यात जातंय, आणि गाडीला यातून काडीचा उपयोग नाही.

मला आमच्या शाखेतले एक ज्येष्ठ सहकारी आठवले. बँकेत संगणक आले आणि त्यांच्या खातेवह्या बंद झाल्या. ते मात्र सव्वादहाला यायचे, वही उघडायचे, पेनाचं टोपण काढायचे आणि पाचला ते परत लावायचे. हजेरीपटावर त्यांच्याइतकं नियमित कुणी नव्हतं. संध्याकाळी खरोखर दमलेले दिसायचे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या, आणि त्या सगळ्यांचं पुढचं यंत्र असंच बारमाही फिरत असे. लढाईत डिझेल-पेट्रोलचा हिशेब कोण विचारतो? युद्ध संपल्यावर याच जीपा शेतकऱ्यांकडे आणि शिकाऱ्यांकडे गेल्या आणि डांबरी रस्त्यावर धावू लागल्या, तेव्हा तो हिशेब कुणाच्या तरी डोक्यात आला. सिॲटलकडच्या आर्थर वॉर्न नावाच्या गृहस्थांनी १९४८ मध्ये चाकाच्या मधोमध बसणाऱ्या हबचा धंदा काढला. हबवर एक गोल चकती. ती 'फ्री'वर फिरवली की चाक हाफ शाफ्टपासून सुटतं आणि एकटंच फिरतं, मागचं सगळं लटांबर जागेवर स्वस्थ. 'लॉक'वर फिरवली की पुन्हा गाठ.

मी तसली जोडी बसवून घेतली. घूंऽऽ बंद झालं. आपण कुणाला तरी स्वेच्छानिवृत्ती मिळवून दिली, या आनंदात मी दोन महिने काढले. हबच्या माहितीपत्रकातली एक ओळ मात्र मी मनावर घेतली नव्हती. ती अशी की चकती हाताने फिरवायची असते, गाडीतून खाली उतरून. आणि खाली उतरायची वेळ येते तेव्हा खाली काय असतं, हे त्यात छापलेलं नव्हतं.

जुलैत मेढ्याच्या पुढे, सासुरवाडीच्या भातखाचरात, खाली घोट्याच्या वर रेंदा होता. आवण पोचवायला बैलगाडी कशाला, आपली फोर-बाय-फोर आहे की, असं मीच म्हणालो होतो. बांध उतरून वीस पावलांवर मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. लावणीच्या बायका कंबर सरळ करून बघू लागल्या. मी रुबाबात उतरलो, माझ्या बाजूचा हब 'लॉक' केला, परत चढलो आणि आठ महिने अधिक दोन महिने जपलेली ती काठी ओढली.

इंजिन गर्जलं. पुढची चाकं ढिम्म.

आता यात यंत्राची चूक काहीच नाही. डिफरन्शियलचा स्वभावच असा, की दोन बाजूंपैकी जिकडे विरोध कमी तिकडे तो सगळं वाटून मोकळा होतो. डावीकडचा हब सुटाच होता. त्यामुळे तिकडचा हाफ शाफ्ट चाकाच्या पोटात, कशाला न धरता, क्राऊनच्या दुप्पट वेगाने भणाणत होता. उजवं चाक मी लॉक केलेलं, ते आपली वाटणी कधी येते याची वाट बघत बसलेलं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त ॲक्सिलरेटर दाबत होतो आणि मेहुणा बैल आणायला निघाला होता.

सासूबाई आवणाची पेंढी खाली ठेवून डाव्या अंगाला आल्या. चाकाकडे जरा वेळ बघत राहिल्या.

"जावयबापू, ह्या अंगालाबी तसलंच गोल हाय की. ह्ये न्हाई का फिरवायचं?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी पदराने चकती पुसली आणि फिरवली. जीप बांधावर चढली. मेहुण्याने बैल परत गोठ्यात नेले. मला वाटतं, जरा नाराजीनेच.

परतीला डांबरावर आल्यावर काठी काही केल्या परत टू-व्हीलला येईना. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि फोर-व्हीलमध्ये दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधलेले. चिखलात चाकं घसरून तो फरक फेडतात, डांबरावर तो ताण यंत्रातच साठत जातो. फोनवर मिस्त्री म्हणाले, "रिव्हर्स घ्या थोडी." मेढ्याच्या रस्त्यावर मी पंधरा-वीस हात उलटा गेलो तेव्हा खट्ट करून ती सुटली. मग उतरून हब सुटे केले. म्हणजे, माझ्या बाजूचा केला. सवय!

तसाच आठवडाभर फिरलो, तेव्हा कुठे मिस्त्रींकडे ते उघड झालं. त्यांनी पुढून जॅक लावून डावं चाक हाताने पुढे फिरवलं आणि उजवीकडच्या हबात बोट दाखवलं. तिकडचा हाफ शाफ्ट उलटा फिरत होता! लांब शाफ्ट आणि क्राऊन शांत, मधले स्टार गिअर तेवढे गरगरतायत, आणि गाडी पुढे जात असताना तिचा एक अवयव त्याच वेगाने मागे निघालेला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. पुढे वाचनात आलं, की १९९०च्या दशकातल्या डॉज रॅमसारख्या अमेरिकी ट्रकांमध्ये हीच गोष्ट कारखान्यातूनच करून देत. हब नाहीतच, टू-व्हीलमध्ये पुढच्या एकाच बाजूचा हाफ शाफ्ट मधोमध सोडवायचा, म्हणजे लांब शाफ्ट आपोआप थांबतो, आणि मधला तो तुकडा खुशाल उलटा फिरतो. माझ्या विसरभोळेपणाला डेट्रॉइटकडून असा दुजोरा मिळाला. बायकोला सांगितलं. तिने तो तिच्या आईला कळवला नाही.

आता मी पावसाळ्यात दोन्ही हब लॉकच ठेवतो आणि एरवीही महिन्यातून एकदा थोडं अंतर तसं चालवतो, कारण आतलं ऑइल फिरलं नाही तर वरचे दाते कोरडे पडतात. शाफ्ट रिकामाच फिरतो. फिरू दे. मेढ्याला निघायच्या आदल्या रात्री सासूबाईंचा फोन ठरलेला असतो. पाऊसपाण्याचं, नातवाचं विचारून झालं की त्या जरा थांबतात.

"दोन्हीकडचं फिरवलंया न्हवं?"

"हो, हो, कधीच," म्हणून मी फोन ठेवतो, आणि छत्री आणि बॅटरी घेऊन जिना उतरतो.