नऊ व्होल्टांचे धर्मसंकट

वाद्यवृंदात सर्वांत मागे, ड्रमवाला आणि ध्वनिवर्धकांची भिंत यांच्या बेचक्यात जे गृहस्थ उभे असतात, ज्यांच्या चार तारांकडे श्रोत्यांपैकी कोणाचेही लक्ष नसते, आणि त्या थांबल्या की मात्र काहीतरी हरवल्याची रुखरुख सर्वांना लागते, ते बेसगिटारवादक नवे वाद्य घेण्याचे मनात आणतात तेव्हा त्यांच्या घरची शांतता बेमुदत तहकूब होते. वाद्य पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचे, घ्यावे की ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवाले, एवढाच प्रश्न. परंतु वतनाच्या तंट्याप्रमाणे हा खटला वर्षानुवर्षे चालतो, आणि वादी, प्रतिवादी, मुन्सफ व बेलिफ या चारही भूमिका ते स्वतःच वठवतात.

पॅसिव्ह पक्षाची कैफियत मांडताना त्यांचा कंठ दाटतो. लिओ फेंडरने १९५१ साली आणलेल्या प्रिसिजन बेसमध्ये बॅटरी नव्हती. मोटाउनच्या जेम्स जेमर्सनने बहुतेक कारकीर्द तसल्याच वाद्यावर काढली. टोनची कळ तेथे फक्त तीक्ष्ण स्वर छाटते, भर कशातच घालीत नाही, आणि हा अपरिग्रहच त्यांना पूजनीय वाटतो. निकालपत्रावर सही होणार, तोच साक्षीदार उलटतो. १९७६ चा म्युझिक मॅन स्टिंगरे त्याच लिओ फेंडरच्या हातचा, आणि त्याच्या पोटात बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प! खर्ज वाढवा, तार वाढवा, वायर कितीही लांब असो, आवाजाची धार बोथट होत नाही. बिचारे पुन्हा पहिल्यापासून दप्तर उघडतात.

ॲक्टिव्ह वाद्याचा एक जाच मात्र खराच. वायर खोचलेली राहिली, तर वाद्य मुके असूनही बॅटरी खर्ची पडतच राहते. म्हणून मध्यंतरात इतर मंडळी बटाटेवड्यांकडे धावतात तेव्हा हे वायर उपसत असतात. मग नाण्याने मागचे झाकण उघडून बॅटरीची दोन्ही टोके जिभेला लावतात आणि झिणझिणी बसली की समाधानाने मान डोलावतात. तोवर वडे संपलेले असतात.

इकडे ध्वनिव्यवस्थापक, बेस कोणत्या जातीचा याची चौकशीही न करता, त्याचा खर्ज आपल्या मर्जीप्रमाणे कमी करून मोकळा होतो. हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, सांगूही नये. सध्या त्यांच्या घरी दोन्ही पंथांचे एकेक वाद्य आहे, आणि कळ दाबताच ॲक्टिव्हचे पॅसिव्ह होणाऱ्या तिसऱ्यासाठी त्यांनी बयाणा भरला आहे.