आलापाला ठेका धरणाऱ्या रसिकास



महोत्सवाच्या गर्दीत आपली ओळख करून घ्यायची राहिली, म्हणून हे जाहीर पत्र. मणी कौल यांच्या १९८२ सालच्या 'ध्रुपद'ला आपण माझ्या शेजारी होतात. आपल्या पलीकडच्या खुर्चीवर आपला मफलर बसला होता, त्याच्या पलीकडे माहितीपुस्तिका. बाहेर पास गळ्यात घालून रांग जिन्यापर्यंत पोचली होती. अशा माहितीपटाला एवढी गर्दी पाहून ऊर भरून आलाच होता. मफलरचीही सोय झालेली पाहून अंमळ जास्तच भरला.

मणी कौल स्वतः झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकलेले. रुद्रवीणा वाजत असताना फार बोलू नये, असा त्यांचा समज झाला असावा. ती उणीव आपण भरून काढलीत. वाजवतात ते थोरले, गातात ते धाकटे झिया फरीदुद्दीन. थोरल्यांचं गुरुकुल आपल्या पनवेलजवळ पळस्प्याला. हा ग्वाल्हेरचा किल्ला, हे जयपूरचं जंतरमंतर. सगळं बरोबर होतं हो! चुकलं असतं तर निदान टोकता आलं असतं.

आता ठेक्याविषयी. आलापाला ताल नसतो, पखवाज येतो तो बंदिशीला, हे डागर घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपण मात्र पहिल्या सुरापासूनच खुर्चीच्या हातावर चौताल धरलात, तोही अंगठीच्या बोटाने. वीणेवरची एक मींड खालच्या षड्जाकडे उतरत होती, इतकी सावकाश की श्वास घ्यायलाही संकोच वाटावा. ती पोचायच्या आत आपली 'क्या बात है' पोचली. पुढे खरोखर पखवाज सुरू झाला, तेव्हा आपण फोनवर 'अजून अर्धा तास आहे, वरणाला फोडणी देऊन ठेव' असं टाइप करत होतात. त्या उजेडात मला माझं घड्याळ दिसलं, त्याबद्दल आभार.

शेवटी कॅमेरा मुंबईच्या छपरांवरून सरकत राहतो. गाणं दरबारातून निघून कुठवर आलं, हे दिग्दर्शकाने एक शब्दही न बोलता दाखवलंय. आपण त्यातही 'हे दादरकडचं वाटतंय' एवढी भर घातलीत.

नंतरच्या चर्चेत माइक सर्वांत आधी आपल्याच हाती आला, यात नवल नाही. 'माझा प्रश्न नाही, पण' अशी सुरुवात करून आपण आपल्या काकांनी ऐकलेल्या एका मैफलीचं साद्यंत वर्णन केलंत. मागे एक मुलगी वहीत प्रश्न लिहून हात वर करून उभी होती. दिवे लागेपर्यंत ती उभीच होती. वक्त्याने आपले आभार मानले आणि सभागृह पुढच्या खेळासाठी रिकामं करायची सूचना झाली.

उद्या याच पडद्यावर 'सिद्धेश्वरी' आहे. बनारसची ठुमरी, त्यामुळे आपण सोबत गाऊही शकाल. मी त्या वेळी वरच्या मजल्यावर एका इराणी चित्रपटाला जाणार आहे. तिथे आपले काही स्नेही असल्यास कृपया कळवावे, म्हणजे सबटायटल्स मोठ्याने वाचून दाखवणाऱ्यांपासून दूरची खुर्ची धरता येईल. मफलर आणतोय.

आपला,
शेजारच्या खुर्चीवरचा