हात दाखवून कॅमेरा

व्लॉगसाठी छोटा कॅमेरा घ्यायचा ठरला की लोक आधी तुलनेचे व्हिडिओ बघत बसतात. ते निदान आज तरी बघू नका. सुरुवात शिंप्याच्या टेपपासून करायची. उजवा हात खांद्यातून सरळ पुढे ताणा, मूठ वळा, आणि मुठीपासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचं अंतर घरातल्या कुणाला तरी मोजायला सांगा. ‘हे आता कशासाठी?’ असं विचारलं जाईल. ‘सेन्सरसाठी’ म्हणा. सेन्सर म्हटल्यावर घरात पुढे कुणी काही विचारत नाही. बहुतेकांचं हे माप ६० सेंटिमीटरच्या आगेमागे भरतं. वहीत लिहून ठेवा, सगळा व्यवहार यावरच व्हायचा आहे. इतर कॅमेऱ्यांच्या मागे माणूस असतो. व्लॉगच्या कॅमेऱ्याच्या पुढे असतो, आणि हात पुरेल तेवढाच पुढे.

माप चालू असतानाच बाबा विचारतील, ‘फोन आहे ना हातात?’ प्रश्न रास्त आहे, पण उत्तरही आहे. फोनचा चांगला कॅमेरा मागे असतो, तिथे तुम्ही स्वतःला दिसत नाही. पुढे असतो तो तुम्हाला दाखवतो, पण कंपनीने त्याला धाकट्या भावंडासारखं उरलंसुरलं दिलेलं असतं. बाबांना हे पटणार नाही. ‘पैसे वसूल कधी होणार?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न असेल. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला १००० सदस्य आणि वर्षभरात ४००० तासांचं प्रेक्षण लागतं, हे त्यांना आत्ताच सांगू नका.

पायरी दुसरी: लेन्स. ३६ ला (ही फुल-फ्रेम सेन्सरची रुंदी) लेन्सच्या त्याच फुल-फ्रेम हिशेबातल्या मिलिमीटरने भागा आणि हाताच्या लांबीने गुणा. येईल तेवढी रुंदी चित्रात मावते. सोनीचा २०२० साली आलेला झेडव्ही-१ घेऊ, नवशिक्यांचा आवडता. त्याची लेन्स २४ मिलिमीटरपासून सुरू होते, म्हणजे ६० सेंटिमीटरवर ९० सेंटिमीटर रुंदी. मधोमध तुमचे खांदे, आणि दोन्ही बाजूंना वीत-वीत जग. वाईट नाही.

पण तुम्ही चालणार आहात. चालताना चित्र हिंदकळतं, म्हणून कॅमेऱ्यात स्थिरतेची ‘ॲक्टिव्ह’ नावाची सोय असते. ही सोय चित्राच्या कडा कापून मधला तुकडा हवा तसा सरकवते आणि धक्के लपवते. कडा गेल्या की तुमची २४ ची लेन्स साधारण ३० ची होते, आणि रुंदी ९० वरून ७२ वर येते. वीतभर जगातलं अर्धं गेलं. रायगडावरच्या व्लॉगमध्ये रायगड का दिसत नाही आणि निवेदकाच्या नाकपुड्या का दिसतात, याचं गणित एवढंच आहे.

कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. २०२३ साली सोनीने झेडव्ही-१ ची दुसरी आवृत्ती काढली, लेन्स १८ मिलिमीटरपासून. रुंदी एकदम १२० सेंटिमीटर! मात्र लेन्सच्या आतली, काचा हलवून धक्के पचवणारी व्यवस्था काढून टाकली आणि उरली ती फक्त कडा कापणारी. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं. त्याच वर्षी डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ आला. त्याची २० मिलिमीटरची लेन्स तीन मोटरींवर तोललेल्या डोक्यात बसवलेली आहे. धक्का बसला की ते डोकं स्वतःच उलट वळतं, त्यामुळे चालण्याच्या धक्क्यांसाठी चित्राला कात्री लावावी लागत नाही. वजन १७९ ग्रॅम. ज्याला गड चढता चढता बोलायचं आहे त्याने हाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला टेबलाशी बसून उकडीचे मोदक करून दाखवायचे आहेत त्याला मोटरींचं काही काम नाही.

रुंद लेन्समध्ये नाक मोठं दिसतं अशी तक्रार ऐकू येईल. तो दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. नाक कानापेक्षा कॅमेऱ्याच्या बरंच जवळ असतं, म्हणून मोठं दिसतं. म्हणजे शेवटी दोष हाताचाच. त्यावर काठी मिळते.

पायरी तिसरी: सेन्सर. वर उल्लेखलेल्या सगळ्या कॅमेऱ्यांत ‘एक इंची’ सेन्सर आहे. घरी आणून पट्टी लावलीत तर तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरेल. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतही १६ मिलिमीटरच्या वर जात नाही, आणि इंच म्हणजे २५.४. ही लबाडी जुनी आहे. पूर्वीच्या टीव्ही कॅमेऱ्यात काचेची नळी असायची आणि मोजायचे तो नळीचा बाहेरचा व्यास. चित्र मात्र आतल्या लहानशा भागावरच उमटायचं. नळ्या गेल्या, मोजमाप राहिलं. मुंबई-पुण्यात ज्याने सुपर बिल्ट-अपच्या भावाने फ्लॅट घेऊन कार्पेटमध्ये संसार मांडला आहे, त्याला हा धडा सोडता येईल.

पायरी चौथी: रंग. काळा घ्या.

पायरी पाचवी: वजन. झेडव्ही-१ भरतो २९४ ग्रॅम. खालून मुठीचं हँडल जोडलं की अर्ध्या किलोच्या घरात जातो. दुकानात जाण्याआधी स्वयंपाकघरातून अर्धा किलो मिठाची पिशवी घ्या, हात पूर्ण ताणा आणि पिशवीकडे प्रसन्नपणे बघत ‘नमस्कार मंडळी, स्वागत आहे तुमचं आपल्या चॅनलवर’ इथपासून बोलायला लागा. कोपर ज्या क्षणी वाकेल तिथे तुमच्या व्लॉगची लांबी ठरली. शेजारच्या काकूंना काय वाटेल याचा विचार करू नका. पुढे भररस्त्यात हेच करायचं आहे.

पायरी सहावी: पडदा. तो तुमच्याकडे वळायला हवा, एवढं सगळे सांगतात. कुठून वळतो, ते कुणी सांगत नाही. सोनीचा बाजूला उघडतो, म्हणून तुम्ही प्रेक्षकाच्या कानामागे कुणीतरी उभं असल्यासारखं बघत राहता. कॅननच्या जी-सेव्हन एक्स मार्क थ्रीचा वर उघडतो, म्हणून तुम्ही प्रेक्षकाच्या केसांकडे बघता. आपापल्या स्वभावाप्रमाणे निवडा. उपाय एकच, लेन्सकडे बघायचं आणि पडद्याकडे नाही. पण मग वळणाऱ्या पडद्याचे पैसे कशाला दिले, असं मन म्हणतं.

पडदा तुमच्याकडे वळला की कॅमेऱ्याचं लक्षही तुमच्याकडे हवं. आजकालचे कॅमेरे चेहरा ओळखून त्यावर फोकस धरतात. कारखान्यात हे बसवताना भावी नगरसेवकांचा विचार झालेला नसावा. आपल्याकडच्या कुठल्याही चौकात उभे राहा. मागच्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे वीस-बावीस चेहरे असतात, सगळे समोर बघणारे, स्वच्छ उजेडात, अजिबात न हलणारे. बोलता बोलता तुम्ही मान वळवलीत की कॅमेरा तुम्हाला सोडून युवानेत्यांना धरू शकतो. तेव्हा चाचणी दुकानाच्या आत घेऊ नका. मुंबईच्या फोर्टातल्या दुकानात कॅमेरा पाहत असाल तर दुकानदाराला विनंती करून बाहेर या, फ्लेक्सकडे पाठ करून उभे राहा आणि दहा वेळा मान हलवा. कॅमेऱ्याने दहाही वेळा तुम्हालाच धरलं तर घ्या.

याच्या उलट अडचण वस्तू दाखवणाऱ्यांची. कॅमेरा चेहऱ्याला चिकटलेला, आणि तुम्हाला दाखवायची आहे पैठणीची किनार. पूर्वी मंडळी वस्तूच्या मागे तळहाताचा आडोसा धरायची, म्हणजे चेहरा झाकला जाऊन फोकस वस्तूवर यायचा. सोनीने त्यासाठी खास सोय दिली आहे: वस्तू पुढे आणली की फोकस आपोआप तिच्यावर. हाताला या शास्त्रात एवढी एकच सुट्टी.

पायरी सातवी: आवाज. कॅमेऱ्यावरचा माइक तुमच्या तोंडापासून हाताएवढ्या, म्हणजे ६० सेंटिमीटरवर असतो. कॉलरला लावलेला १५ सेंटिमीटरवर. अंतर चौपट कमी झालं की माइकला तुमचा आवाज सोळापट तीव्रतेने मिळतो, आणि तुळशीबागेतला गोंगाट तेवढाच राहतो. यातून निघणारा निष्कर्ष कॅमेरेवाल्यांना आवडणार नाही: आधी माइक घ्या, उरलेल्या पैशात कॅमेरा. चित्र जरा मळकट असलं तर लोक बघतात. ‘घर्र घर्र’ ऐकू आलं की पुढच्या व्हिडिओवर जातात. मात्र कॅमेऱ्याला माइकची खोच आहे ना ते बघा. हेडफोनची खोच वर सांगितलेल्या सोनीला आणि कॅननला, दोघांनाही नाही. म्हणजे कॅमेरा तुमचं ऐकतो, पण काय ऐकलं ते घरी गेल्यावर सांगतो.

बॅटरी दोन जास्तीच्या घ्या; झेडव्ही-१ ची १२४० एमएएचची आहे, तुमच्या फोनची त्याच्या चौपट असेल. फोर-केच्या १०० मेगाबिटला तासाला ४५ जीबी जागा लागते, म्हणून ६४ च्या कार्डात सव्वा तास बसतो. कार्डावर व्ही-३० लिहिलेलं हवं. संपलं.

न्यू जर्सीचा आतेभाऊ दिवाळीला येणार असेल तर ‘येताना घेऊन ये, तिकडे स्वस्त पडतो’ हा मोह होईल. जरूर मागवा, पण वॉरंटीही तिकडेच राहते हे धरून चाला. शिवाय त्या कॅमेऱ्यात सेकंदाला ३० चित्रांचा अमेरिकी हिशेब लावलेला असेल. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात, आणि दोन्ही हिशेब जुळले नाहीत की आजीच्या खोलीतली ट्यूबलाइट व्हिडिओत फडफडायला लागते. मेनूत जाऊन ‘पाल’ (PAL) ही पद्धत निवडा, २५ चित्रं ठेवा, शटर १/५० वर आणा. ट्यूब शांत होईल. आतेभावाला फोन करून ‘खराब पीस आणलास’ म्हणण्याआधी एवढं करा.

कॅमेरा घरी आला की पहिला व्हिडिओ खोका उघडण्याचा करायचा, असा रिवाज आहे. कॅमेरा खोक्यात असल्यामुळे हा व्हिडिओ फोनवर काढावा लागतो. फोन वहिनीकडे द्या, खिडकीकडे तोंड करून बसा, सुरीने चिकटपट्टी हळूहळू कापा. तुमच्या सगळ्या व्हिडिओंत हाच जास्त बघितला जाईल, आणि खाली लोक विचारतील, क्लॅरिटी मस्त आहे, फोन कोणता?