सगळ्यांतलं एकेक द्या

काळी गाडी घेऊ नये हे सांगणारे लोक आपण गाडी घेईपर्यंत कुठे दडी मारून बसतात, कोण जाणे. बुकिंगची पावती हातात पडली की एकेक करून बाहेर येतात. धूळ दिसते, पाण्याचे डाग दिसतात, उन्हात तापते, हे सगळं सांगतात. पण मॉलच्या तळघरातल्या पांढऱ्या दिव्याखाली ती कशी दिसते, हे कोणी सांगत नाही. मला ते भाच्याने दाखवलं. मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरून तो म्हणाला, "मामा, स्वर्ल बघा."

बघितले. दिव्याभोवती बारीक रेघांची वर्तुळंच वर्तुळं. टॉर्च सरकवला की वर्तुळंही त्याच्या मागोमाग सरकत होती. खरं तर त्या रेघा गोल नसतातच, वाट्टेल त्या दिशेने गेलेल्या असतात. उजेडाला आडव्या येणाऱ्या तेवढ्या चमकतात, म्हणून गोल भासतात. हे भाच्याने समजावून सांगितलं, पण तोवर माझं त्या गाडीवरचं प्रेम संशयात बदललं होतं. इतकी वर्षं जी गाडी मला आरशासारखी वाटत होती, ती दोन मिनिटांत ओरखड्यांचं गाठोडं झाली.

दोष कुणाचा, हे ठरवायला मी लगेच बसलो. आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारा एकाच बादलीत, एकाच फडक्याने अख्खी इमारत उरकतो. मी त्याच्यावर घसरणारच होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, आणि दर रविवारी कोरड्या पंचाने खसाखसा पुसतं ते कोण?" पंचा माझा, धूळ पुण्याची, रेघा दोघांच्या समाईक.

आता या रेघा घालवायच्या म्हणजे काय करायचं, तर ज्या थरावर त्या आहेत तो थर किंचित घासून खाली आणायचा. गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, असं धरून चाला. माझ्या डोक्यावर नमुन्यादाखल का होईना, काही केस शिल्लक आहेत, तेव्हा मला कल्पना करणं जड गेलं नाही. केसापेक्षा पातळ अशा त्या थरात मशीन घालायचं आणि त्याला पलीकडे जाऊ द्यायचं नाही, असा हा उद्योग. कुठलाही शहाणा माणूस इथे थांबला असता. मी मशीन मागवलं.

मशीन मात्र बरं निघालं, कारण ते भाच्याने निवडलं होतं. रोटरी पॉलिशर एकाच आसावर गरगर फिरतो, नवख्याच्या हातात रंग जाळतो. ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए, फिरतोही आणि डोलतोही. माझा १५ मिलिमीटरने डोलणारा. जास्त दाबलं तर त्याचं फिरणं थांबतं आणि तो नुसता थरथरत राहतो. त्यामुळे मूर्खाच्या हातूनही फार नुकसान होत नाही, असं भाचा म्हणाला. हे वाक्य त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं, एवढी त्याला रीत आहे.

"पॅड तुम्हीच घ्या मामा, त्यात काय!" असं म्हणून तो बंगळुरूला निघून गेला.

त्यात काय, हे कळायला मला रात्री जागाव्या लागल्या. मशीनच्या तोंडाला लावायच्या या पॅडची तीन घराणी. लोकरीचं हे सगळ्यात जुनं आणि आडदांड. भराभर कापतं, फोमच्या मानाने कमी तापतं, पण मागे धूसरपणा ठेवून जातं. मायक्रोफायबरचं पॅड म्हणजे फोमवर आखूड धाग्यांचं अस्तर, तेही कापण्यात पटाईत. आणि तिसरं फोमचं, ज्यात कडकपासून लुसलुशीतपर्यंत सगळे स्वभाव सापडतात. इथवर ठीक होतं. पण हे फोमचे स्वभाव ओळखायला त्यांना रंग दिलेले असतात, आणि तिथे माझा घात झाला.

सिग्नलचा लाल दिवा नाशिकला लाल आणि कोल्हापुरात हिरवा असं कधी होत नाही. पॅडच्या बाबतीत होतं. इटलीच्या रूपेस कंपनीत निळं पॅड सगळ्यात खरखरीत, मग हिरवं, मग बारीक कामाचं पिवळं आणि सगळ्यात नाजूक पांढरं. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या लेक कंट्री कंपनीच्या नेहमीच्या पॅडांत पिवळं चक्क कापणारं, नारिंगी त्याहून मवाळ, पांढरं पॉलिशचं आणि काळं शेवटचा हात फिरवायचं. म्हणजे जो पिवळा मिलानच्या बाजूला गोंजारतो, तोच विस्कॉन्सिनमध्ये सोलून काढतो. सगळ्यांनी मिळून एक रंग ठरवावा असं या धंद्यात कुणालाच वाटलेलं दिसत नाही. मी त्यातला इटालियन तक्ता पाठ केला. तो मला दिसायला जास्त सुसंस्कृत वाटला, याहून सबळ कारण माझ्यापाशी नव्हतं.

आणि तक्ता इटलीचा पाठ करून मी खरेदीला गेलो नाना पेठेत.

"पॅड दाखवा."

"मशीन कुठलं?"

"डीए."

"प्लेट केवढी?"

मशीनच्या तोंडाशी वेल्क्रोची जी चकती असते तिला बॅकिंग प्लेट म्हणतात, हे मला ठाऊक होतं. तिचं माप घ्यायला हवं, हे सुचलं नव्हतं. "मोठी गाडी आहे," मी म्हणालो.

"गाडी नाही विचारली. प्लेट."

मी हाताने हवेत एक गोल काढून दाखवला. दुकानदाराने त्या गोलाकडे पुरेसा वेळ बघितलं आणि पाच इंची पॅडचा डबा काढला. त्यावर कंपनीचं नाव नव्हतं. आत लाल, पिवळा, निळा, हिरवा, नारिंगी, काळा, पांढरा. मला एकदम दिवाळीच्या रांगोळीची आठवण झाली आणि हात सैल सुटला.

"सगळ्यांतलं एकेक द्या. आणि ते लोकरीचंही."

"एकेक घेऊन काय करणार?"

"गाडी एकच आहे," मी खुलासा केला.

त्याने काही क्षण विचार केला. मग गिऱ्हाइकाला शहाणं करण्यापेक्षा बिल करणं सोपं, असा निर्णय त्याच्या चेहऱ्यावर उमटला. पैसे मोजून घेताना मात्र राहवलं नाही. "रंगावर जाऊ नका. बोटाने दाबून बघा," तो म्हणाला. बिनकंपनीचा माल खपवायची ही युक्ती, असं मी मनात म्हटलं आणि स्वतःच्या चाणाक्षपणावर खूश होऊन रिक्षा केली.

घरी आल्यावर कळलं की प्लेट सहा इंची आहे. पॅड प्लेटपेक्षा थोडं मोठं हवं, नाहीतर प्लेटची कडक कड बाहेर डोकावते आणि रंगाला लागते. बदलून आणायला गेलो. "उघडलेला माल परत होत नाही" ही पाटी गल्ल्याच्या बरोब्बर वर होती, आणि दुकानदाराने तिच्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही, नुसती नजर वर नेली. मग त्या पॅडांहून लहान प्लेट वेगळी विकत घेतली. मशीनला प्लेट शोधून, प्लेटला पॅड शोधतात. मी पॅडसाठी प्लेट घेतली.

रविवारी गाडी धुतली, कडांना मास्किंग टेप लावला. कडांवर आणि पत्र्याच्या घड्यांवर थर पातळ असतो म्हणून तो लावायचा, हे मी खालच्या चार मुलांना सविस्तर सांगितलं. मुलं वाट बघत होती ती मशीन सुरू होण्याची. लोकरीच्या पॅडवर कंपाउंडचे, म्हणजे घासायच्या लेपाचे, चार थेंब घातले आणि पॅड गाडीला टेकवायच्या आधीच खटका दाबला.

कंपाउंड कुठे कुठे गेलं याची यादी देत नाही. शेजारच्या पांढऱ्या गाडीवर ते दिसलं नाही, एवढीच ईश्वरकृपा. आमच्या काळ्या प्लास्टिकच्या भागांवर मात्र जे पांढरे ठिपके वाळले, ते टूथब्रश घेऊन काढायला बसावं लागलं. मुलांच्या मते कार्यक्रमाचा हा भाग सर्वोत्कृष्ट होता आणि "काका, परत करा ना" अशी मागणीही झाली.

दुसऱ्यांदा पॅड टेकवून, कमी वेगावर कंपाउंड पसरवून, मग वेग वाढवला. आणि काय सांगू, लोकरीने रेघा खरोखर खाल्ल्या! टॉर्च धरला तर वर्तुळं गायब. त्यांच्या जागी बॉनेटवर महाबळेश्वरचं धुकं उतरलं होतं. हरकत नाही, मी म्हटलं, हे अपेक्षितच आहे. आता बारीक पॅड. आणि मी पूर्ण आत्मविश्वासाने पिवळं पॅड चढवलं.

धुकं दाट झालं.

पुरेसा जोर लागत नसेल म्हणून अंगाचा भार टाकला. मशीन फिरायचं थांबलं आणि थरथरायला लागलं. त्याबरोबर मीही थरथरत होतो, त्यामुळे ते फिरतंय की नाही हे मला कळण्याची सोय नव्हती. प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवतात, ती फिरताना दिसली की समजायचं. ही युक्ती मला पुढे कळली. पिवळं पॅड, आणखी पिवळं पॅड, आणखी धुकं. तक्त्यावर माझा विश्वास इतका गाढ होता की डोळ्यांवरचा उडाला. चष्मा दोनदा पुसला. त्याच पंचाने.

बॉनेटच्या मागच्या टोकाला, काचेजवळ पोचलो, मशीन बंद करून पॅड उलटं केलं आणि हातपाय गार पडले. पॅड काळं झालं होतं.

क्लिअर कोट पारदर्शक असतो, त्यामुळे तो घासला तर पॅडवर रंग येत नाही, पांढुरका चिखल येतो. गाडीचा रंग पॅडवर दिसू लागला, तर वरचा थर संपून आपण रंगात शिरलो, हे मी आदल्याच रात्री वाचलं होतं. मी उलट्या बादलीवर बसलो. मायक्रॉन आठवले, केस आठवले, इन्शुरन्सच्या कागदांत 'मालकाचा उत्साह' बसतो का, हा विचारही येऊन गेला. मग ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रींना फोन केला आणि पॅडचा फोटो पाठवला.

मिस्त्री संध्याकाळी स्कूटरवर आले. बॉनेटवरून हात फिरवला, काचेखालची काळी प्लास्टिकची जाळी आणि रबराची पट्टी बघितली, बोट घासून माझ्यापुढे धरलं. बोट काळं. "साहेब, रबर घासलंत तुम्ही. रंग जागेवर आहे." त्या क्षणी मी त्यांना घर लिहून द्यायला तयार होतो.

मग त्यांनी माझ्या पॅडांची रांग बघितली. एकेक उचलून बोटाने दाबलं. माझं लाडकं पिवळं दाबताना जरा थांबले. "हे तर सगळ्यात कडक आहे. याने फिनिशिंग करत होता?" मी इटलीचा विषय काढला नाही.

त्यांनी हाताला मऊ लागलं ते काळं पॅड घेतलं, हलकं पॉलिश घेतलं आणि दरवाजावर, जिथे मी अजून पोचलो नव्हतो, जेमतेम दोन फूट चौकोन केला. सावकाश, अर्धा पट्टा मागच्या पट्ट्यावर येईल असं. पुसलं, टॉर्च धरला. ज्या रेघांसाठी मी लोकरीपासून सुरुवात केली होती, त्यातल्या बहुतेक त्या मऊ पॅडने गेल्या होत्या. "आधी हलकं लावून बघायचं. नाही भागलं तर एक पायरी कडक. तुमच्या गाडीला एवढं बास." मग त्यांनी हात पुढे केला. "अशीच आणखी चार द्या."

"अशी एकच आहे."

"एकच?" मिस्त्री पहिल्यांदाच गांगरलेले दिसले. पॅड तापतं, कंपाउंड आणि घासलेला थर त्यात भरतो, फोम बसतो आणि मग ते कापतही नाही आणि चमकवतही नाही. दर तुकड्यानंतर ब्रशने झाडायचं आणि दोन-तीन तुकड्यांनंतर बदलायचं. एका गाडीला एका जातीची पाच-सहा तरी लागतात. माझ्याकडे आठ जाती होत्या, प्रत्येकी एक जीव. नाना पेठेतल्या त्या माणसाने बिल करण्याआधी नेमकं हेच विचारलं होतं.

बॉनेट मिस्त्रींनी आपल्या पॅडांनी सारखं करून दिलं. पैसे घेताना संकोचले, पण घेतले. निघताना कोपऱ्यातलं लोकरीचं पॅड उचलून म्हणाले, "हे तुमच्या काय कामाचं? मी नेऊ का? परवा एक जुना टेम्पो येतोय. उन्हाने पार मेलाय रंग त्याचा, क्लिअरही नाही त्यावर." मी आनंदाने दिलं. पिवळंही देऊ केलं. ते म्हणाले, "राहू दे, बादल्या घासायला होईल."

परवा दुपारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मोबाइल वाजला. मिस्त्रींचा फोटो. माझं लोकरीचं पॅड, मधोमधपासून कडेपर्यंत लालभडक. पोटात धस्स झालं. खाली त्यांचा मेसेज आला: "घाबरू नका. टेम्पो आहे."