रा. रा. फॉरवर्डपंत यांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री फॉरवर्डपंत नाना यांसी, रायपूर, तात्यापारा मुक्कामाहून सा. न. वि. वि.

आपला आणि माझा परिचय नाही असे म्हणणे धार्ष्ट्याचे होईल. कारण दररोज पहाटे, दूधवाला दारावर येण्यापूर्वी, आपण माझ्या मोबाइलमध्ये हजर असता, आणि रात्री मी दिवा मालवल्यानंतरही उशाशी एकवार थरथरून, उद्या या पृथ्वीवर काय कोसळणार आहे याची इतल्ला दिल्यावाचून विश्रांती घेत नाही. ज्या समूहावर चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळातील नाटकाची वेळ कळावी एवढीच आमची माफक अपेक्षा असते, त्याच समूहावर आपण भूकंप, महापूर, विषारी दूध आणि मुले पळविणाऱ्या टोळ्या यांचे आवक-जावक दफ्तर अहोरात्र चालविता, आणि तेही बिनपगारी. तेव्हा आपला जाहीर सत्कार व्हावा, असे पुष्कळ दिवसांपासून मनात होते. शाल-श्रीफळाचा योग जुळला नाही; म्हणून हा कागद.

बातमी पोहोचविण्याचा पेशा या मुलुखाला नवा नाही. बिंबाजी भोसले रतनपुरास राज्य करीत असताना नागपुराहून निघालेला हरकारा रानावनातून, नद्यानाल्यांतून जो कागद आणीत असेल, तो कितीही घाईत खरडलेला असो, त्यावर तिथी असे, मुक्काम असे आणि मजकुराच्या शेवटी कोणाची तरी निशाणी असे. त्यामुळे खबर खोटी निघाल्यास कोणाची मानगूट धरावयाची याविषयी दरबारात संदेह उरत नसे. या तिन्ही जाचक अटींतून आपण बातमीची कायमची मुक्तता केलीत. आपल्या मजकुरातली ‘आज रात्री’ ही गेली कित्येक वर्षे आजचीच आहे. ‘आपल्या शहरात’ हे शहर रायपूर, रायगड, रायचूर यांपैकी कोणतेही असू शकते. आणि खारून नदीचा पूर म्हणून आपण जी चित्रफीत पाठविलीत तीत महादेव घाट दिसत नव्हता, तरी नारळाची रांगच्या रांग मात्र स्पष्ट दिसत होती.

५ एप्रिल २०२४ रोजी गुढियारी भागात वीज वितरण कंपनीच्या भांडाराला आग लागून ट्रान्सफॉर्मरमधले तेल पेटले, स्फोटांमागून स्फोट झाले, आणि काळ्या धुराचा लोट साऱ्या शहराने आपापल्या गच्चीवरून पाहिला. अशा वेळी बंबाला वाट हवी असते आणि आपल्या संप्रदायाला दृश्य. दोघांनाही एकाच गल्लीतून जावयाचे असल्याने थोडी अडचण होते, इतकेच. खिडक्या लावून घ्याव्यात, लहान मुलांना त्या बाजूस नेऊ नये, कोणता रस्ता मोकळा ठेवावा, असल्या क्षुल्लक तपशिलांत आपण कधी शिरत नाही. ती कामे ११२ या क्रमांकावर बसलेल्या माणसांची. ‘एक्के नंबर, सब्बो बर’ असे अस्सल छत्तीसगडी ब्रीद घेऊन ती सेवा २०१८ साली इथे सुरू झाली. परंतु तिच्यात एक मोठा दोष आहे. फोन केला की पलीकडचा मनुष्य विचारतो, आपण कोठून बोलता आहात? आपण असला आगाऊपणा कोणाशी केल्याचे स्मरत नाही.

सरकारनेही आपल्याशी स्पर्धा करून पाहिली, हे येथे नमूद केले पाहिजे. मोबाइलच्या मनोऱ्यावरून त्या परिसरातल्या प्रत्येक फोनवर एकाच वेळी इशारा उमटावा, त्यासाठी कोणाच्या क्रमांकाची यादी लागू नये, इंटरनेटही लागू नये, अशी उत्तम योजना दूरसंचार विभागाने आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मिळून आखली, आणि २०२३ च्या पावसाळ्यात तिची चाचणी घेतली. घरोघरचे फोन कर्कश किंचाळले. वाचून पाहतो तो मजकूर असा की हा केवळ नमुना आहे, कृपया याकडे दुर्लक्ष करावे. चाचणीत दुसरे काय लिहिणार, हे मलाही मान्य आहे. पण शासनाची आज्ञा इतक्या तंतोतंत पाळली गेल्याचा दुसरा दाखला मला तरी ठाऊक नाही. आपण मात्र ‘दुर्लक्ष करू नका’ अशी देवाची शपथ घालता. लोकांचा इतबार कोणावर बसणार, हे उघड आहे.

आपल्या सेवापुस्तकातले एक पान मात्र सत्काराच्या दिवशी कोणी वाचून दाखविणार नाही. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातले राईनपाडा. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना मुले पळविणारे समजून जमावाने पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. त्याच्या थोडेच दिवस आधी आमच्या सरगुजा जिल्ह्यातही याच संशयापायी एकाचा जीव गेला होता. आपण तेथे नव्हता. आपल्या हातात काठी नव्हती, आपण तर ‘काळजी घ्या’ एवढेच म्हणाला होता, आणि तेही दुसऱ्याने लिहिलेले. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ५४ व्या कलमाने खोटी आवई उठवून घबराट पसरविणाऱ्यास एक वर्षापर्यंतची कैद सांगितली आहे. पण कैद करावयास माणूस लागतो, आणि आपण तर साऱ्या गावाचे मिळून एक आहात. व्हॉट्सअ‍ॅपने त्याच जुलैत आपल्याला एका वेळी पाचच दारे मोकळी ठेवली, पुढे २०२० मध्ये फार फिरलेल्या मजकुरासाठी एकच. आपण न कुरकुरता एकेक दार ठोठावीत निघालात. अशी चिकाटी पाटबंधारे खात्यात असती तर!

तरीही आपली तत्परता वाया जावी असे मला वाटत नाही, म्हणून एक जागा सुचवितो. २०१७ साली आकाशवाणीच्या आमच्याकडील केंद्रांवरून ‘हमर हाथी हमर गोठ’ नावाचे वार्तापत्र सुरू झाले. हत्तींचा कळप आज कोणत्या गावाच्या शिवारात आहे हे त्यात सांगत. शेतावर निघालेला मनुष्य ते ऐकून वाट बदलू शकत असे. त्यात सुविचार नव्हता, हात जोडल्याचे चित्र नव्हते. पुढे गरियाबंद-धमतरीकडील उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्पात मोबाइलचे ॲप आले. वनखात्याची आणि हाथी मित्र दलाची माणसे माग काढीत पायी हिंडतात, हत्ती कोठे आहे ते नोंदवितात, आणि आसपासच्या दहा किलोमीटरांतल्या गावकऱ्यांचे फोन वाजू लागतात. पुण्यातल्या मावशींना त्याची गंधवार्ताही नसते. तिची त्यांना गरजही नसते.

त्या दलात आपण उमेदवारी करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. झोप कमी, चालणे पुष्कळ, मानधन बेताचे, आणि संदेश पाठविण्याची हौस मनसोक्त भागते. अडचण एकच आहे, नाना: तेथे संदेश धाडण्यापूर्वी हत्ती पाहावा लागतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
समूहातील एक मूक सभासद