बेल्टसाठी इंजिन खाली

फेरारी एफ-३५५चा टायमिंग बेल्ट बदलायचा तर अख्खं इंजिन गाडीतून उतरवावं लागतं. बेल्ट पडला रबराचा. गाडी पळवा नाहीतर ताडपत्रीखाली झाकून ठेवा, काही वर्षांनी तो बदलायचाच. त्या मजुरीत आपल्याकडे चालती सेकंडहँड गाडी दारात येते.

पैसे वाचवायचे तर घरच्या घरी करा, असं जाणकार सांगतात. रत्नागिरीत त्याची उत्तम सोय आहे. विहिरीतला पंप वर ओढायची चेन-पुली शेजाऱ्याकडे, कलमाची फांदी आपली, टेकू द्यायला चिरे. सल्ल्याला तर अख्खी वाडी हजर: "मेल्या, त्यापेक्षा होडी घेतली असतीस!"

टोमण्यात तथ्य आहे. आपल्या किनाऱ्याची खरी स्पोर्ट्स कार म्हणजे १९९८च्या सुमाराला गोव्यातून आलेली सॅन स्टॉर्म. दोनच सीट, उघडं टप, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन आणि बॉडी फायबरग्लासची. खाऱ्या हवेत पत्र्याची चाळण होते. ही बॉडी गंजायचं नावच घेत नाही. तडा गेलाच तर होडीचा कारागीर गाठायचा. तो आधी कडा घासणार, मग मॅटचा तुकडा ठेवून ब्रशने रेझिन दाबणार, सुकलं की पॉलिश पेपर. शोरूमवाले याला काय म्हणतील ते म्हणोत.

राहता राहिला गाडी पळवायचा रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्याच्या रेंगाळण्याचा एक फायदा कोणीच मोजत नाही: वरचे गिअर कोरे करकरीत राहतात. सस्पेन्शनचं तेवढं विचारू नका.