चार अक्षरी काका

हे काका हल्ली प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. निवृत्तीच्या जरा आधी कंपनीने त्यांना दोन दिवसांच्या कार्यशाळेला लोणावळ्याला धाडलेलं असतं. तिथून ते चिक्कीसोबत ज्ञानही घेऊन येतात: माणसं सोळा प्रकारची असतात आणि प्रत्येक प्रकाराशी बोलायची तऱ्हा वेगळी. तोवर ते सगळ्यांशी एकाच तऱ्हेने बोलत आलेले असतात. म्हणजे ओरडून.

पूर्वीचे काका रास आणि गण विचारायचे. हे आपल्या प्रकाराची चार इंग्रजी अक्षरं विचारतात. आपण सांगितली नाहीत, तर स्वतःच ठरवतात.

"काका, लिफ्ट कधी दुरुस्त होणार?"

"तारीख हवी तुम्हाला! आयएसटीजे. पाहताक्षणी ओळखलं होतं."

ओळख पटते, लिफ्ट बंदच राहते.

ही अक्षरं ठरवणाऱ्या चाचणीमागे कार्ल युंगचा १९२१चा ग्रंथ आहे, हे ते आपल्याला दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात थांबवून सांगतात. पण ती रचणाऱ्या कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं, हे गाळतात. मला तर या गोष्टीतला सगळ्यात गोड भाग तोच वाटतो. होणारा जावई घरच्यांपेक्षा फारच निराळा निघाला, तेव्हा कॅथरिनबाई माणसांच्या प्रकारांच्या अभ्यासाला लागल्या. आपल्याकडे एवढ्यासाठी मावशीला एक फोन पुरतो.

मध्यंतरी काकांनी मोबाइलवर स्वतःची चाचणी पुन्हा दिली आणि एक अक्षर बदललं. पुन्हा दिली की अनेकांचं बदलतं. पण काका दोन दिवस सुतकात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोबाइलच बदलला.

घरी फारसं चालत नाही. "तू नेमकी कोणत्या प्रकारची गं?" या प्रश्नाला काकूंचं उत्तर तयार असतं: "पोळ्या करून भिशीला जाणारी. तुम्ही वाढून घ्या."

मग उरते वार्षिक सर्वसाधारण सभा. विषय गळक्या टाकीचा. काकांनी दारातच चिठ्ठ्या वाटल्या: आपली अक्षरं लिहा, प्रकारानुसार बसा. बहिर्मुखांच्या रांगेत एवढा कालवा झाला की टाकीचा ठराव कोणाला ऐकूच आला नाही. अंतर्मुख आलेच नव्हते. तळमजल्यावरच्या आजींनी बराच विचार करून 'बी पॉझिटिव्ह' लिहिलं.

काकांनी त्यांना आशावाद्यांत बसवलं.